शिक्का कुणाचा, शिकणं कुणाचं?

माझ्या मुलीपुढे सध्या दोन वाटा आहेत. एका नामांकित संस्थेत तिला प्रवेश मिळतो आहे, पण जी शाखा तिने कधी मनातही आणली नव्हती त्या शाखेत. दुसरं कॉलेज असं, की त्याचं नाव घेतलं तर समोरचा माणूस पुन्हा विचारतो. पण तिथे तिला हवं ते भूगर्भशास्त्र आहे. नात्यात, मित्रमंडळीत, कामाच्या ठिकाणी ज्याच्याशी बोलावं त्याचा सल्ला एकच: आधी नाव पदरात पाडून घ्या, विषयाचं पुढे बघता येईल. हा सल्ला देणाऱ्यांची माझ्या मुलीवर माया आहे आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्यही आहे. तरी मला तो सल्ला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर मांडायला हवं, कारण प्रश्न एका घरापुरता नाही. मोठ्या नावाच्या कॉलेजात शिक्षण जास्त चांगलं मिळतं, या एका गृहीतावर दरवर्षी असंख्य घरांत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची वाट ठरते. ते गृहीत कुणी तपासत नाही.

नामांकित कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं पुढे चांगलं करतात, यात वाद नाही. पण आत पाऊल टाकण्याआधी ती मुलं कोण होती? तालमीच्या दारातच पारख करून कसलेले मल्ल तेवढे आत घेतले आणि पुढे त्यांनी कुस्त्या मारल्या, तर त्यात वस्तादाचं किती आणि मल्लाच्या आधीच्या मेहनतीचं किती, हे नुसत्या कुस्त्या मोजून कळत नाही. कॉलेजांच्या बाबतीत आपण कुस्त्याच मोजत बसतो. अमक्या संस्थेचा विद्यार्थी तमक्या कंपनीचा प्रमुख झाला, एवढं ऐकून आपण खूश होतो. तो दुसरीकडे शिकला असता तर काय झालं असतं, हा प्रश्नच मनात येत नाही.

हा प्रश्न अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन संशोधकांनी फार चांगल्या रीतीने हाताळला. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई त्यांनी पाहिली, पण सरसकट तुलना केली नाही. ज्यांनी साधारण सारख्याच कॉलेजांकडे अर्ज केले होते, ज्यांना सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी घेतलं किंवा नाकारलं होतं, अशांची त्यांनी आपसात तुलना केली. यांतले काही जण मोठ्या नावाच्या कॉलेजात गेले, काहींनी प्रवेश मिळत असूनही कमी नावाचं कॉलेज निवडलं. पुढे दोघांच्या कमाईत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. नंतर १९८९ मध्ये कॉलेजात गेलेल्यांवरही त्यांनी हीच पद्धत वापरली आणि चित्र तेच दिसलं. या कामातली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. मुलाने ज्या कॉलेजात शिक्षण घेतलं, त्यापेक्षा ज्या सर्वांत अवघड कॉलेजाकडे अर्ज करण्याची हिंमत केली, त्यावरून त्याच्या पुढच्या कमाईचा अंदाज जास्त नीट बांधता आला; त्या कॉलेजाने त्याला नाकारलं असलं तरीही. म्हणजे जे काही होतं ते मुलातच होतं. ते घेऊन तो कुठेही गेला असता.

या निष्कर्षाला त्यांनी स्वतःच एक अपवाद नोंदवला आहे आणि तो मी जरा ठळकपणे सांगते, कारण सुखवस्तू घरांत या विषयावर बोलताना तो सोयीस्कर विसरला जातो. गरीब घरातली मुलं, कमी शिकलेल्या आईवडिलांची मुलं, आणि अमेरिकेच्या संदर्भात कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मूळ असलेली, मुलं यांना नामांकित कॉलेजाचा ठळक फायदा झाला. कारण उघड आहे. ज्या घरात शब्द टाकायला कुणी काका-मामा नाही, मुलाखतीला जाताना काय बोलायचं हे सांगणारं कुणी नाही, तिथे कॉलेजच ती ओळखपाळख पुरवतं. म्हणून नावाला काही अर्थच नसतो, असं मी म्हणणार नाही. घरातली पहिलीच पिढी कॉलेजात पाऊल ठेवत असेल आणि मोठ्या संस्थेत जागा मिळत असेल, तर ती सोडू नये असंच माझं मत आहे. माझ्या मुलीची गोष्ट तशी नाही. तिच्या घरी पुस्तकं आहेत, विचारायला माणसं आहेत, आणि पहिली दोन वर्षं कमाई कमी झाली तर सांभाळून घेणारे आईवडील आहेत. नावामागे जिवाचं रान करणारी बहुतेक घरं अशीच असतात. ज्यांना त्या नावाची गरज सर्वांत कमी, तेच त्यासाठी सर्वांत जास्त धडपडतात.

मग नावाला किंमत येते कुठून? भारतातल्याच एका अभ्यासात याचं थेट उत्तर मिळतं. शीतल सेखरी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रवेशाच्या कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. एक-दोन गुणांच्या फरकाने काही जण प्रतिष्ठित सरकारी कॉलेजात गेले, काहींना खासगी कॉलेजात जावं लागलं. पुढे पगार प्रतिष्ठित कॉलेजवाल्यांचा जास्त निघाला. पण पदवीच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत फरक दिसला नाही. शिक्षण तेवढंच पदरी पडलं आणि भाव मात्र शिक्क्याला जास्त आला.

नोकरी देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. समोरच्या पदवीधराला काय येतं हे त्याला आतून पाहता येत नाही, म्हणून तो बाहेरची खूण शोधतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हा विचार मांडला आणि २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बड्या बँका, सल्लागार कंपन्या आणि वकिली संस्थांमध्ये भरती करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यात असं आढळलं, की मोठ्या विद्यापीठात काय शिकवलं जातं याचं या मंडळींना फारसं अप्रूप नव्हतं. तिथे प्रवेश मिळाला, म्हणजे पोरगं हुशार असणार, एवढंच त्यांना पुरेसं होतं. चार वर्षं आणि सगळी फी कशासाठी दिली, हा प्रश्न पालकांनी इथे स्वतःला विचारावा. ज्या गोष्टीसाठी मुलाला निवडलं जातं, ती गोष्ट कॉलेजच्या पहिल्या तासाआधीच झालेली असते.

शिवाय हा शिक्का कायम ताजा राहत नाही. जोसेफ आल्टोनजी आणि चार्ल्स पिएरे यांनी २००१ मध्ये दाखवलं, की माणूस कामात मुरत जातो तसं शिक्षणाच्या खुणांचं वजन पगारात कमी होत जातं आणि अंगच्या कुवतीचं वाढत जातं. मालकाला माणूस दिसू लागला की कागद मागे पडतो. पहिल्या नोकरीच्या वेळी नाव चालतं, पस्तिशीत पोचल्यावर काम विचारलं जातं.

क्रमवारीच्या याद्यांबद्दल थोडक्यात बोलते, कारण पालकांच्या बोलण्यात त्या सारख्या येतात. अमेरिकेतल्या कॉलेजांची सर्वांत प्रसिद्ध यादी १९८३ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती कॉलेजांच्या अध्यक्षांना विचारलेल्या मतांवरच बेतलेली होती. जगभर वापरल्या जाणाऱ्या क्यूएस क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के वजन प्राध्यापकवर्गातल्या कीर्तीला आणि १५ टक्के वजन नोकरी देणाऱ्यांमधल्या कीर्तीला आहे. म्हणजे जवळपास निम्मी क्रमवारी 'तुम्ही काय ऐकलंय' यावर ठरते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाला १० टक्के आहेत. वर्गात बसून शिकवणं कसं चालतं हे पाहण्याला काहीच वजन नाही, कारण ते कुणी पाहतच नाही. कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण तर प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं असं आहे. ते या अमेरिकी यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने दिलेले आकडे खरे नाहीत असं जाहीरपणे दाखवून दिलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठ १८ व्या क्रमांकावर आलं. मधल्या सात महिन्यांत तिथले शिक्षक बदलले नव्हते, ग्रंथालय बदललं नव्हतं, विद्यार्थी तेच होते. ज्या कुटुंबांनी क्रमांक दोन पाहून मुलांना तिथे घातलं त्यांना आणि ज्यांनी अठरा पाहून टाळलं त्यांना, दोघांनाही शिक्षणाबद्दल काही कळलेलं नव्हतं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १२ अतिप्रतिष्ठित विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या विद्यापीठांत गेल्याने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही, हे त्यांनाही आढळलं. पण अगदी वरच्या टोकाला फरक पडतो. नामवंत संस्थेत पुढचं शिक्षण घेण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, नावाजलेल्या कंपनीत काम मिळण्याची जवळपास तिप्पट. अध्यापनातही असंच आहे. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत पीएचडी करून तिथेच शिकवणाऱ्या प्राध्यापकांपैकी सुमारे ८० टक्के लोक अवघ्या २० टक्के विद्यापीठांतून आलेले आहेत. तेव्हा काही दारं अशी आहेत की ती नावानेच उघडतात, हे मान्य करायलाच हवं.

पण ही दारं कुणासाठी उघडतात, तेही पाहायला हवं. चेट्टी आणि सहकाऱ्यांच्याच आकड्यांत असं दिसतं, की प्रवेशपरीक्षेत सारखे गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रवेश मिळतो. सेथ झिमरमन यांनी २०१९ मध्ये चिलीतल्या दोन प्रतिष्ठित विद्यापीठांचा अभ्यास केला. तिथे शिकल्याने कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर जाण्याची शक्यता वाढते, पण हा लाभ महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांपुरताच दिसला. मुलींना तो दिसला नाही, साध्या शाळांतून आलेल्या मुलग्यांनाही नाही. एका मुलीची आई म्हणून मला हे वाचून राग आला. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांना एकच नाव विकलं जातं, सगळ्यांकडून तेवढेच कष्ट घेतले जातात, आणि शेवटी वरची खुर्ची ज्यांची आधीच ठरलेली होती त्यांनाच मिळते. आणि पीएचडीच्या मुद्द्याला दुसरी बाजू आहे. ती आकडेवारी डॉक्टरेट कुठून केली याची आहे, पहिली पदवी कुठून घेतली याची नाही. अमेरिकेत पदवीधरांपैकी सर्वांत जास्त प्रमाणात पुढे डॉक्टरेट करणारी मुलं जिथून येतात त्यांत रीड, स्वार्थमोर, हार्वी मड ही छोटी कॉलेजं आहेत. तिथे प्राध्यापकांचं मुख्य काम शिकवणं हेच असतं. यातल्या रीडने तर १९९५ मध्येच त्या प्रसिद्ध यादीला माहिती देणं बंद केलं.

आता मूळ सल्ल्याकडे वळते: आधी नाव, विषयाचं पुढे बघू. मला हा सल्ला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात उलटी गोष्ट महत्त्वाची ठरवली आहे. नॉर्वेमध्ये प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात, त्यामुळे कुणाला काय हवं होतं आणि काय मिळालं याची पक्की नोंद असते. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये त्या नोंदी वापरून दाखवलं, की पुढच्या कमाईत कोणता विषय शिकलो याचा फरक मोठा असतो आणि संस्था किती नामांकित याचा त्यामानाने थोडा. शिवाय जे विषय लोक इतरांपेक्षा आपल्याला जास्त जमतील म्हणून निवडतात, त्यात त्यांना फायदाही जास्त होतो असं त्या आकड्यांतून दिसतं. कमाईच्याच भाषेत बोलायचं झालं तरी विषय आधी येतो.

पण मला कमाईपलीकडे बोलायचं आहे. नको असलेल्या शाखेत चार वर्षं काढणं म्हणजे काय, हे आपण मोठी माणसं फार हलकेपणाने घेतो. अभ्यास अवघड असतोच, कुठल्याही विषयाचा. आवडीच्या विषयात अवघड भाग आला की माणूस तिथे थांबतो, डोकं खाजवतो, परत वाचतो, रात्री अंथरुणात त्याचाच विचार करतो. नावडत्या विषयात तोच भाग आला की परीक्षेपुरतं घोकून पुढे सरकतो. पहिल्या वर्षी हा फरक गुणपत्रिकेत दिसत नाही. तिसऱ्या वर्षी विषयाची मांडणी वर चढत जाते, आधीचं नीट कळलेलं नसतं, आणि मग पोरगं मागे पडायला लागतं. आयुष्यात आजवर पहिल्या पाचांत असलेलं मूल एकदम काठावर येतं आणि आपल्यातच काही कमी आहे असं मानू लागतं. कमी काही नसतं, ते फक्त चुकीच्या ठिकाणी उभं असतं.

सतराव्या वर्षी आवड कशी कळणार, असं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. आवड बदलू शकते. माझी मुलगी भूगर्भशास्त्र घेऊन पुढे पाण्याच्या प्रश्नाकडे वळेल, नकाशांकडे वळेल, किंवा सगळं सोडून वेगळंच काही करेल. पण आवड बदलायलाही आधी एखादी गोष्ट मनापासून करून बघावी लागते. ज्याने काहीच मनापासून केलेलं नाही, त्याच्याकडे बदलायलाही काही नसतं. आणि तिची आवड हवेतली नाही. दगड हातात घेऊन तो तिथे कसा आला असेल हे ती सांगायला लागली की तासभर थांबत नाही. चूक निघाली तर स्वतः शोधून दुरुस्त करते. ज्या विषयात मूल स्वतःची चूक स्वतः शोधतं, तो विषय त्याचा, असं मी मानते.

नामांकित वर्गात बसण्याची आणखी एक किंमत असते आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मूल स्वतःला मोजतं ते शेजारच्या बाकावरच्या मुलाशी. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं, एक अतिहुशार मुलांच्या शाळेत आणि एक साध्या शाळेत असेल, तर पहिल्याचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास कमी असतो. २००३ मध्ये त्यांनी आणि किट-ताई हाऊ यांनी २६ देशांतल्या एक लाखाहून जास्त पंधरा वर्षांच्या मुलांची माहिती तपासली. जवळपास सगळीकडे हेच आढळलं. चुरशीच्या वातावरणात मुलं घासून-पुसून तयार होतात असं आपण म्हणतो. काही होतात. बाकीच्यांचं काय होतं हे आपण विचारत नाही, कारण ती सत्कार समारंभाला येत नाहीत.

कॉलेजात नेमकं काय असलं की पुढे आयुष्य बरं जातं, याबद्दल २०१४ मध्ये गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने अमेरिकेतल्या सुमारे ३० हजार पदवीधरांना विचारलं होतं. कॉलेज खासगी होतं की सरकारी, निवडक होतं की नव्हतं, याचा कामातल्या समाधानाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो शिक्षकाशी. ज्याच्यामुळे शिकण्याची गोडी लागली असा शिक्षक, ज्याला आपली काळजी होती असे शिक्षक, आणि जो आपल्या स्वप्नांच्या पाठीशी उभा राहिला असा कुणी. या तिन्ही गोष्टी मिळाल्या असं ठामपणे म्हणणारे फक्त १४ टक्के निघाले, आणि त्यांचं कामात मन लागण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. लोकांच्या आठवणीवर आधारलेली ही पाहणी आहे, त्यामुळे तिला अंतिम पुरावा मी म्हणणार नाही. पण आपण प्रत्येकाने आपलं शिक्षण आठवून पाहावं. इमारत आठवते की माणूस?

एवढं सगळं असूनही नावाची ओढ का सुटत नाही? याचं उत्तर मुलांपाशी नाही, ते आपल्यापाशी आहे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत प्रवेशाचा मोठा घोटाळा उघड झाला आणि पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले. बडे उद्योजक, वकील, नामवंत अभिनेत्री असे पालक त्यात होते. कुणी मुलांच्या परीक्षेची उत्तरं बदलून घेतली, कुणी कधी न खेळलेल्या खेळाचे खेळाडू म्हणून त्यांचे बनावट फोटो तयार केले. काही मुलांना आपल्या नावाने काय चाललं आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. या घरांना पैसा कमी नव्हता, ओळखी कमी नव्हत्या; मुलं कुठेही शिकली असती तरी त्यांचं काही अडलं नसतं. मग एवढी लाच देऊन त्यांनी काय विकत घेतलं? मुलाला लागणारं काहीच नाही. चारचौघांत सांगायला एक नाव घेतलं.

ही टोकाची माणसं आहेत, पण ती ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्यावर थोडं अलीकडे आपण सगळे उभे आहोत. मुलाच्या निकालाच्या दिवशी फोन आईवडिलांना येतात. अभिनंदन आईवडिलांचं होतं. 'कुठे मिळाली ॲडमिशन?' हे मुलापेक्षा आपल्याला जास्त वेळा विचारलं जातं आणि उत्तर देताना आपला आवाज चढतो किंवा पडतो. मुलं तो आवाज ऐकतात. मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी अनेक वर्षं सुस्थितीतल्या, उच्च निकालाच्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केला आणि नैराश्य, चिंता, व्यसनं यांचं प्रमाण तिथे चढं असतं हे पुन्हा पुन्हा दाखवलं. २०१७ च्या एका अभ्यासात त्यांना आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की ज्या मुलांना आपल्या आईवडिलांना माणुसकीपेक्षा यशाचं जास्त कौतुक आहे असं वाटत होतं, त्यांची मनःस्थिती वाईट होती. आणि गुणही कमी होते. आपण ज्यासाठी एवढा ताण घालतो, त्याच गोष्टीला ताणामुळे धक्का लागतो.

म्हणून पालकांनी फक्त मन मोठं करावं एवढं म्हणून भागणार नाही. नावावर अवलंबून राहणं सुटावं असं वाटत असेल तर दुसरं काहीतरी हातात असायला हवं, आणि ते देणं कॉलेजांचं काम आहे. पालकाला आज कॉलेजबद्दल काय कळतं? सर्वांत मोठा पगार कुणाला मिळाला, इमारत कशी आहे, क्रमांक कितवा. मला यातलं काहीही नको आहे. पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कोण शिकवतं, अनुभवी प्राध्यापक की तासावर आलेली माणसं? दाखल झालेल्या प्रत्येक शंभरांपैकी किती जण मध्येच सोडून जातात आणि कुठल्या वर्षी? वर्गातल्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या मुलांचं पुढे काय झालं? शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? विद्यार्थी प्रयोगशाळेत स्वतः हात लावतो की लांबून बघतो? ही माहिती बहुतेक कॉलेजांच्या कार्यालयात पडून असते. ती प्रवेशाच्या वेळी जाहीर करणं कायद्याने बंधनकारक व्हायला हवं. आणि नोकरी देणाऱ्यांनी कॉलेजचं नाव झाकून पहिली चाळणी लावावी. कामाचा नमुना मागावा, तो पाहावा, मग नाव विचारावं. हे अवघड नाही. त्यांनाही माणसं चांगलीच मिळतील.

कायदा होईल तेव्हा होईल. मी हे प्रश्न दोन्ही ठिकाणी लेखी पाठवले. नामांकित संस्थेकडून रंगीत माहितीपत्रक आलं आणि पहिल्या वर्षाची माहिती वेगळी ठेवली जात नाही असा निरोप आला. छोट्या कॉलेजच्या विभागप्रमुखांनी स्वतः पत्र लिहिलं. किती मुलं येतात, किती सोडून जातात, क्षेत्रभेटी कुठे होतात, हे त्यात होतं. सूक्ष्मदर्शक पुरेसे नाहीत म्हणून मुलांना पाळीपाळीने बसावं लागतं हेही होतं, आणि एका शिक्षकाची जागा बरेच दिवस रिकामी असल्याचंही. मी ते पत्र मुलीपुढे ठेवलं. तिने ते शांतपणे वाचलं आणि विभागप्रमुखांना स्वतःच्या नावाने उत्तर लिहिलं: रिकामी जागा कोणत्या विषयाची आहे, आणि ती भरेपर्यंत तो विषय कोण शिकवतं?